विचारायला काय जातं!

पहिल्यांदा परदेशी निघालेल्या माणसाला आपल्याकडे सल्ल्यांची कमतरता पडत नाही. लोणचं नीट बांध, पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या खिशात ठेव, औषधांची चिठ्ठी विसरू नकोस. आणि हो, काउंटरवर जो कोणी असेल त्याच्याशी जरा गोड बोल, पुढच्या मोठ्या खुर्चीत बसवतात कधी कधी. हा शेवटचा सल्ला देणाऱ्याच्या माहितीत कुणीतरी एक असतोच. कुणाचा भाचा, कुणाचा साडू. त्याने म्हणे कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता, हसून गुड इव्हनिंग म्हटलं होतं, ‘पुढे जागा असली तर बघा ना’ एवढंच बोलला होता. आणि गेला की थेट बिझनेस क्लासात, पाय पसरून, काचेच्या ग्लासातून संत्र्याचा रस पीत. विचारायला काय जातं?

उत्तर आधीच सांगून टाकतो. नुसतं गोड बोलून फुकट अपग्रेड मिळणं आज जवळजवळ अशक्य आहे. तरी भाच्याची गोष्ट खोटीच असेल असं नाही. माणसं फुकट वर जातात, रोज कुठल्या ना कुठल्या विमानात जातात. पण ती का जातात याचं कारण काउंटरवरच्या हसण्यात सापडत नाही. ते सापडतं विमानाच्या अगदी मागच्या रांगांत. आणि एकदा ते कारण कळलं की बिझनेस क्लासातल्या रसापेक्षा त्या हिशेबाचीच गोडी लागते. निदान मला तरी लागली.

तेव्हा मागून सुरुवात करू. एक विमान घ्या, इकॉनॉमीत १८० खुर्च्या असलेलं. तिकीट काढलेला प्रत्येक माणूस येतोच असं नाही. कुणाची मीटिंग लांबते, कुणाला ताप येतो, कुणी हायवेवर अडकतो. समजा प्रत्येकाच्या न येण्याची शक्यता शंभरात पाच आहे. (खरा आकडा मार्गागणिक, वारागणिक बदलतो; हिशेबापुरता हा धरू.) आता कंपनीने सचोटीने १८० खुर्च्यांची १८० तिकिटं विकली, तर एकूण एक प्रवासी हजर होईल असं किती वेळा घडेल? ०.९५ ला ०.९५ ने असं १८० वेळा गुणत जा. उत्तर येतं जवळपास ०.०००१. दहा हजार उड्डाणांत एकदा! रोज एक उड्डाण धरलं, तर पूर्ण विकलेलं विमान खरोखर पूर्ण भरायला सत्तावीस वर्षं लागतील. बाकी सगळे दिवस सरासरी आठ-नऊ खुर्च्या रिकाम्या उडणार, आणि त्याच दिवशी ‘जागा नाही’ ऐकून परत गेलेली आठ-नऊ माणसं घरी बसणार.

म्हणून कंपन्या जास्तीची तिकिटं विकतात. हाच तो बदनाम ओव्हरबुकिंगचा प्रकार. वरच्याच विमानाची १८० ऐवजी १८५ तिकिटं विकली, तर माणसं खुर्च्यांपेक्षा जास्त होण्याची पाळी शंभरात चार-पाच वेळाच येते. बाकी पंचाण्णव वेळा कुणाला काही कळत नाही, विमान छान भरतं, सगळे खूश. अर्थात खरा हिशेब इतका सरळ नसतो, कारण माणसं सुटी सुटी गैरहजर राहत नाहीत. लग्नाला निघालेलं सात जणांचं कुटुंब अडकलं तर सातही जागा एकदम रिकाम्या. दिल्लीला धुकं पडलं आणि तिथून येणारं विमान उशिरा आलं, की पुढच्या विमानाचे वीस प्रवासी एका फटक्यात गळतात. हे सगळं धरून, गेल्या काही वर्षांच्या त्याच वाराच्या, त्याच वेळेच्या उड्डाणांकडे बघून, किती तिकिटं जास्त विकायची ते ठरतं. गणित चुकत नाही. फक्त शंभरातली ती चार-पाच उड्डाणं कुणाच्या तरी नशिबी येतात.

आता खरी मजा. त्या चार-पाच उड्डाणांपैकी एक समोर आहे. मागे इकॉनॉमीत १८० जागांना १८३ माणसं आलीत. पुढे बिझनेसमध्ये मात्र पाच खुर्च्या मोकळ्या. कंपनीपुढे दोन वाटा. तिघांना थांबवायचं, भरपाई द्यायची, हॉटेल द्यायचं, उद्याच्या विमानात बसवायचं, वर शिव्या खायच्या. किंवा तिघांना मागून उचलून पुढे आणायचं. त्याचा खर्च? तीन बरी जेवणं आणि थोडी जास्त सरबराई. कंपनी काय करणार हे सांगायला नको.

पण पुढे कुणाला आणायचं? आपल्याला वाटतं, ज्यांना जागा उरली नाही त्या तिघांना. तसं होत नाही. त्यांना मिळतात मागे सुटलेल्या खुर्च्या. पुढे जाणारे तिघे यादीतून निवडले जातात: ज्यांच्याकडे कंपनीचं वरच्या दर्जाचं कार्ड आहे, ज्यांनी इकॉनॉमीतलंच पण महागडं तिकीट घेतलंय. म्हणजे बघा, वर गेलेला माणूस आयुष्यभर सांगत राहतो की आपल्यावर कुणीतरी मेहरबान झालं. मेहरबानी झालेली असते भलत्याच माणसावर, मागे बत्तिसाव्या रांगेत मधल्या खुर्चीत कोंबलेल्या, सगळ्यात शेवटी धापा टाकत आलेल्या माणसावर. तो घरी पोचावा म्हणून दुसरा पुढे गेला. दोघांनाही हे कधीच कळत नाही.

हे घडताना बघायचं असेल तर गेटजवळची खुर्ची धरावी. मुंबईच्या टी-टू वरून परदेशी जाणारी बरीच विमानं अपरात्री सुटतात. दीड-दोन वाजता सगळे पेंगुळलेले असतात. रांग सरकते, बोर्डिंग पास यंत्रावर टेकवला की एकसारखा ‘टिंग’ वाजत जातो. मध्येच एकाचा पास टेकवल्यावर वेगळाच आवाज येतो आणि लाल दिवा लागतो. त्या माणसाचा चेहरा उतरतो. व्हिसाचं काही निघालं का? बॅगेत काही सापडलं का? कर्मचारी पडद्याकडे बघते, दोन बटणं दाबते, बाजूच्या छोट्या यंत्रातून चिठ्ठी बाहेर येते. ‘सर, तुमची सीट बदललीय.’ सर म्हणतात, ‘का हो? मी मुद्दाम खिडकी घेतली होती.’ ती जुना पास ठेवून घेते, नवा हातात देते. सर चार पावलं पुढे जातात, आकडा वाचतात आणि मागे वळून बघतात. तोवर ती पुढच्याचा पास टेकवत असते. विचारणं नाही, गोड बोलणं नाही. उलट थोडी कुरकुरच झाली.

निवडीत आणखीही बारीकसारीक गोष्टी शिरतात. एकट्याला हलवणं सोपं, चौघांच्या कुटुंबाला अवघड. खास जेवण मागितलेल्या प्रवाशाला हलवायचं तर ते जेवणही हलवावं लागतं. जैन जेवणाला व्हीजेएमएल, हिंदू शाकाहारी जेवणाला एव्हीएमएल अशी अक्षरं त्याच्या नावापुढे असतात आणि ती डबी इकॉनॉमीच्या गाडीत चढलेली असते. हनिमूनला निघालेल्या जोडप्यांना मात्र कुणीतरी खरं सांगायला हवं. त्यांच्यासारखं ‘आमचं नुकतंच लग्न झालंय’ म्हणणारं आणखी एखादं जोडपं त्याच रांगेत असतं, आणि दोन लगतच्या खुर्च्या मोकळ्या असणं हा दुर्मीळ योग.

इथे कुणीही शहाणा वाचक विचारेल, की मागे गर्दी नसताना पुढच्या खुर्च्या रिकाम्या उडतात, तेव्हा त्या कुणाला तरी द्यायला काय हरकत आहे? दार बंद झालं की त्या खुर्चीची किंमत शून्य. संध्याकाळच्या मोगऱ्याच्या गजऱ्यासारखंच आहे हे. दादरला रात्री नऊ वाजता फूलवाली वीसचा गजरा दहाला देते आणि साडेनऊला उरलेला शेजारणीच्या वेणीत माळते. विमान कंपनी तसं का करत नाही?

कारण फूलवालीचं गिऱ्हाईक रोज नवं असतं. विमानाचं गिऱ्हाईक तेच तेच असतं आणि ते लक्षात ठेवतं. बिझनेसच्या रिकाम्या खुर्च्या शेवटच्या क्षणी विचारणाऱ्याला मिळतात असं एकदा पसरलं, की आज लाखभर रुपये मोजणारा माणूस पुढच्या वेळी इकॉनॉमीचं तिकीट काढून काउंटरवर गोड बोलायला उभा राहील. रिकामी उडालेली खुर्ची कंपनीला दिसते त्यापेक्षा स्वस्त पडते. फुकट दिलेली महाग.

खुर्ची कधी विकायची आणि कधी धरून ठेवायची, या प्रश्नाचं पहिलं नेटकं उत्तर १९७२ साली मिळालं. ब्रिटनच्या बीओएसी या विमान कंपनीत (दोन वर्षांनी ती ब्रिटिश एअरवेजमध्ये विलीन झाली) केन लिटलवुड नावाचे गृहस्थ होते. त्यांनी मांडलेला नियम शाळकरी मुलालाही कळेल. समजा स्वस्त तिकीट सहा हजारांचं आहे आणि महाग तिकीट दहा हजारांचं. समोर सहा हजारवाला उभा आहे. त्याला ही खुर्ची द्यावी का? दहा हजारवाला नंतर येण्याची शक्यता शंभरात साठपेक्षा कमी असेल तर द्यावी, जास्त असेल तर ‘स्वस्त तिकिटं संपली’ म्हणावं. झालं! आज एकाच इकॉनॉमीत शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे का मोजलेले असतात, सकाळी बघितलेलं भाडं दुपारी का बदलतं, याची मुळं इथे आहेत. तिकिटावर कुठेतरी बारीक अक्षरात वाय, एम, के, क्यू अशी एक खूण असते. खुर्ची तीच, पण ती किती धरून ठेवून कितीला विकली हे ते अक्षर सांगतं. अपग्रेडची यादी लावताना हे अक्षर तुमच्या हास्यापेक्षा फार जास्त बोलतं.

अमेरिकन एअरलाइन्सने १९८५ साली हे शस्त्र पीपल एक्स्प्रेस या स्वस्त कंपनीवर चालवलं. मोजक्या खुर्च्या तिच्याइतक्याच स्वस्त विकायच्या आणि बाकीच्या महाग खुर्च्या धंद्यासाठी फिरणाऱ्यांना राखून ठेवायच्या. पीपल एक्स्प्रेसकडे तसा संगणक नव्हता. पुढच्याच वर्षी ती विकली गेली.

पण या सगळ्या कहाणीतला माझा सर्वांत लाडका माणूस वेगळाच आहे. त्याच्याकडे जाण्याआधी १९७२ सालचाच एक प्रसंग. ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर तेव्हा अमेरिकेत घराघरांत माहीत होते. २८ एप्रिलला ते वॉशिंग्टनहून हार्टफर्डला सभेसाठी निघाले. तिकीट पक्कं. गेटवर गेले तर जागा नाही. अलेगेनी एअरलाइन्सचं ते विमान. १०० खुर्च्यांना १०७ पक्की आरक्षणं होती हे पुढे कोर्टात आलं. नेडर गप्प बसणाऱ्यातले नव्हतेच. प्रकरण १९७६ साली थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जास्तीची तिकिटं विकून प्रवाशाला ते न सांगणं ही दिशाभूल ठरू शकते, त्यासाठी कोर्टात दाद मागता येते, हे मान्य झालं.

तोवर कंपन्या कुणाला उतरवायचं हे गुपचूप ठरवत. कुणाला निवडत? ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय की म्हाताऱ्यांना आणि सैनिकांना, कारण ते तक्रार करण्याची शक्यता सर्वांत कमी. हेच सायमन माझे लाडके. १९६८ साली त्यांनी एका लहानशा लेखात उपाय सुचवला. विमान भरलंय ना? मग प्रत्येक प्रवाशाच्या हातात एक कागद आणि पाकीट द्या. ‘किती रुपये दिले तर पुढच्या विमानाने जाल?’ एवढंच लिहायचं. ज्यांचे आकडे सर्वांत कमी, त्यांना ते पैसे द्या आणि थांबवा. ज्याला घाई आहे तो जाईल, ज्याला पैसे हवेत तो थांबेल, रडारड नाही. कंपन्यांनी हे हसण्यावारी नेलं. सायमन पत्रं पाठवत राहिले. शेवटी १९७७ साली अल्फ्रेड कान नावाचे दुसरे अर्थशास्त्रज्ञच अमेरिकेच्या विमानवाहतूक मंडळाचे अध्यक्ष झाले आणि वर्षभरात नियम आला: आधी स्वयंसेवक विचारा, बाकी सगळं नंतर. आज गेटवर ‘थांबायला तयार असणाऱ्यांनी काउंटरशी संपर्क साधावा’ अशी घोषणा होते, ती या माणसाची कमाई.

हा लिलाव मध्येच थांबवला तर काय होतं तेही जगाने बघितलं. ९ एप्रिल २०१७, शिकागो. युनायटेडच्या एका विमानात स्वतःचे चार कर्मचारी बसवायचे होते. बोली ४०० डॉलर, मग ८००. कुणी उठेना. तिथे बोली वाढवायची सोडून कंपनीने नावं काढली, आणि उठायला नकार देणाऱ्या एका वयस्कर डॉक्टरला सुरक्षारक्षकांनी फरफटत बाहेर काढलं. व्हिडिओ जगभर गेला. त्यानंतर कंपनीने स्वयंसेवकांना द्यायच्या रकमेची मर्यादा १०,००० डॉलरवर नेली. कदाचित हजार-बाराशेतच कुणीतरी उठलं असतं.

म्हणजे खाली उतरवताना आधी नजरेने माणूस हेरत होते, मग लिलाव आला. वर चढवण्याचंही तसंच झालंय. पूर्वी काउंटरवरच्या माणसाच्या हातात खरंच काहीतरी असायचं. विमानं आजच्यापेक्षा बरीच रिकामी असत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या जवळजवळ निम्म्या खुर्च्या मोकळ्या उडत. २०२४ साली जगभरच्या विमानांतल्या शंभरातल्या ८३ हून जास्त खुर्च्या भरलेल्या होत्या. गोड बोलण्याचा सल्ला बहुधा त्या जुन्या काळातला असावा, आजीच्या काढ्यासारखा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला.

आणि तो काळ सगळ्यांनाच गोड होता असं समजू नका. दुसऱ्याच्या मर्जीवर सोडलेली मेहरबानी कशी वाटली जाते, यावर ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात एक सुंदर आणि अस्वस्थ करणारा प्रयोग झाला. रेझो मुयचिच आणि पॉल फ्राइटर्स या अर्थशास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या वंशांची तरुण मुलंमुली बसमध्ये पाठवली. बसच्या कार्डात पैसे नाहीत, ते टेकवलं की यंत्र वाजून लाल दिवा लागतो, मग चालकाला नम्रपणे विचारायचं, ‘पैसे नाहीत, पण अमुक स्टॉपपर्यंत जायचंय, येऊ का?’ शब्द सगळ्यांचे तेच. असं दीड हजारांहून जास्त वेळा केलं. गोऱ्यांना शंभरात सुमारे ७२ वेळा ‘ये’ म्हटलं गेलं. भारतीयांना ५१ वेळा. कृष्णवर्णीयांना ३६ वेळा. अंगात सूट किंवा लष्करी गणवेश असला की आकडे वर सरकत, म्हणजे इस्त्रीच्या शर्टाच्या सल्ल्यात तेवढं तथ्य निघालं. पुढे फोटो दाखवून चालकांना विचारलं तेव्हा बहुतेकांनी सगळ्यांनाच नेऊ असं सांगितलं. खोटं बोलत नसावेत. त्यांना स्वतःलाच आपला हात कुठे आखडतो ते ठाऊक नव्हतं.

हे वाचल्यापासून गेटवरच्या संगणकाच्या यादीबद्दल मला फारशी तक्रार उरली नाही. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या तर ही यादी गेटवरच्या पडद्यावर उघड लावतात: आडनावाची पहिली दोन-तीन अक्षरं, नावाचं आद्याक्षर आणि तुमचा क्रमांक. मोकळ्या खुर्च्या चार, तुम्ही अकरावे. कितीही हसा, तुम्ही अकरावेच. काउंटरवरच्या मुलीने मनात आणून तुम्हाला वर टाकलं, तर तिला संगणकात कारण नोंदवावं लागतं आणि वरच्या दहा कार्डवाल्यांना तोंड द्यावं लागतं. शिवाय बऱ्याच विमानतळांवर ती त्या विमान कंपनीची नोकरदार नसतेच, काउंटर सांभाळायचं कंत्राट घेतलेल्या दुसऱ्याच कंपनीची असते. आपण तिच्याकडे मागतोय ते तिच्या हातात नाही. ती कसनुसं हसते ते त्यामुळे.

यादीत ज्यांचा नंबर लागत नाही त्यांच्यासाठी आता दुसरा दरवाजा आहे, आणि सायमन असते तर त्यांना तो बघून गंमत वाटली असती. प्रवासाच्या काही दिवस आधी ईमेल येतो: बिझनेस क्लाससाठी बोली लावा. पडद्यावर एक सरकपट्टी. बोटाने डावीकडे नेली की ती लाल होते, ‘शक्यता कमी’. उजवीकडे नेत जा, पिवळी, मग हिरवी. कार्डाचा नंबर भरा आणि वाट बघा. दुसऱ्यांनी किती लावले ते दिसत नाही. मॉन्ट्रियलची प्लसग्रेड नावाची कंपनी जगातल्या कितीतरी विमान कंपन्यांसाठी हे चालवते. एअर इंडियानेही बोलीची सोय ठेवली आहे. सायमनचं बंद पाकीटच हे, फक्त उलटं केलेलं. तिथे कंपनी थांबण्याचे पैसे देत होती, इथे वर जाण्याचे घेते. डेल्टा एअरलाइन्सने आपल्या गुंतवणूकदारांना अभिमानाने सांगितलंय की दीड दशकापूर्वी त्यांच्या फर्स्ट क्लासातल्या दहातली जेमतेम एखादी खुर्ची पैसे मोजून घेतलेली असे. आता चारातल्या तीन असतात. जे फुकट वाटलं जात होतं ते विकता येतं हे त्यांना कळलं. मग काउंटरवर गोड बोलण्यासाठी काय उरणार?

आपल्याकडे देशातल्या देशात तर हा प्रश्नच अनेक वर्षं निकालात निघालेला होता. देशांतर्गत प्रवाशांपैकी निम्म्याहून जास्त लोक ज्या इंडिगोने जातात, तिच्या विमानांत पुढचा वर्गच नव्हता. मुंबई-नागपूरच्या विमानात कितीही विनवलं तरी पहिल्या रांगेपुढे वैमानिकाचं दारच होतं. २०२४ च्या नोव्हेंबरात त्यांनी दिल्ली-मुंबई मार्गावर बारा खुर्च्यांचा बिझनेस वर्ग सुरू केला, तेव्हा कुठे तिथे वर जायला ‘वर’ तयार झालं.

नियमांच्या पुस्तकातही ही विषमता मजेशीर दिसते. पैसे भरून वरच्या वर्गाचं तिकीट काढलंय आणि कंपनीने खाली बसवलं, तर काय करायचं ते आपल्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने २०२३ पासून स्पष्ट केलंय: देशांतर्गत प्रवासात तिकिटाचे ७५ टक्के परत, करांसकट, परदेशी प्रवासात अंतराप्रमाणे ३०, ५० किंवा ७५ टक्के. ओव्हरबुकिंगमुळे विमानातच घेतलं नाही आणि तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात सोय केली नाही, तर पुढची सोय किती उशिरा होते त्यानुसार १०,००० किंवा २०,००० रुपयांपर्यंत भरपाई. फुकट वर नेण्याचा हक्क मात्र कुठेच नाही. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमात एक वाक्य आहे तेवढं गोड: कंपनीने स्वतःहून वर बसवलं तर त्याचे जादा पैसे मागायचे नाहीत.

मग काउंटरवर काहीच विचारू नये? विचारावं की. पण तिच्या हातात जे आहे ते. ‘शेजारची खुर्ची मोकळी असलेली एखादी रांग आहे का हो?’ हे विचारून बघा. तिला पडद्यावर ते दिसतं, बदलायला कुणाची परवानगी लागत नाही आणि सात तासांच्या प्रवासात मोकळ्या शेजाराइतकं सुख दुसरं नाही. पुढे भिंत असलेली, पाय लांब करता येतील अशी जागा उरली आहे का, विचारा. पैसे भरून वर जायचं असेल तर आजचा दर काय, विचारा. शेवटच्या काही तासांत काही कंपन्या काउंटरवर उरलेल्या खुर्च्या ठरावीक दराने विकतात. आणि घाई नसेल तर सगळ्यांत उत्तम प्रश्न: ‘आज फ्लाइट जास्त भरलीय का? कुणी थांबायला हवं असेल तर मी तयार आहे.’ हा एकच प्रश्न असा आहे की तो ऐकून समोरच्या व्यक्तीचा चेहरा खुलतो, कारण गरज आता तिला आहे. थांबण्याच्या बदल्यात पुढच्या विमानात बिझनेसची जागा देता येईल का, हे त्या वेळी विचारलेलं भीक वाटत नाही. तो सौदा असतो.

राहता राहिली फुकट अपग्रेडची हौस. ती भागवायची तर विमानतळाकडे पाठ करून रेल्वे स्टेशनवर जावं. आपल्या रेल्वेने २००६ पासून जी सोय केली आहे तिच्यापुढे विमान कंपन्यांच्या कार्डांचा सगळा थाट फिका आहे. तिकीट काढताना एक चौकोन असतो: जागा उरली तर वरच्या वर्गात नेलं तर चालेल का? चार्ट तयार होताना वरच्या वर्गात बर्थ मोकळे राहिले, तर संगणक पूर्ण भाडं भरलेल्या प्रवाशांतून कुणाला तरी उचलून वर ठेवतो. स्लीपरचा माणूस थर्ड एसीत. जादा पैसे नाहीत, कार्ड नाही, शर्टाला इस्त्री नाही. निवड यदृच्छेने. खाली सुटलेला बर्थ मिळतो वेटिंग लिस्टवरच्याला, म्हणजे हिशेब तोच, मागच्यासाठी पुढे सरकायचं. एक फरक फार छान आहे. विमानात एकटा वर जातो, रेल्वेत एका पीएनआरवरचे सगळे एकत्र जातात, नाहीतर कुणीच नाही. आणि तिकीट पुढे रद्द केलंच, तर कापले जाणारे पैसे मूळ वर्गाचेच.

हे चार्ट लागतानाच उरकतं, त्यामुळे टीसीसमोर हात जोडून उपयोग नसतो. त्या चौकोनापाशी काय करायचं ते ज्याने त्याने आधी ठरवायचं. माझ्या ओळखीचे बरेच ज्येष्ठ नागरिक तिथे ठामपणे ‘नको’ म्हणतात. त्यांना विचारलं तर उत्तर तयार असतं: ‘वर नेतील हो, पण तिथे अपर बर्थ दिला तर? माझी खालची आहे ती बरी आहे.’